आधी कुणाचे डोळे दाखवायचे?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी ४१ वर्षांची आहे. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. शाळेचे गणवेश शिवायचं काम मी कारखान्यातून आणून घरी मशीनवर करते. घरात पाच माणसं. मालक रिक्षा चालवतात, त्यांना आठ वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. डोळे दाखवा म्हटलं की म्हणतात, लांबच्या एसटीची पाटी वाचता येते मला, लायसन्सच्या वेळी तपासलंय, आता काय दाखवायचं? सासूबाई ६८ वर्षांच्या, पूर्वी विड्या वळायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा डोळा गेला. मोतीबिंदू असेल, पिकू दे, म्हणून आम्ही थांबलो आणि निघाला काचबिंदू. उजव्या डोळ्यात रोज रात्री थेंब टाकायला सांगितलेत, पण दिवाळीपासून त्यांनी ते बंद केलेत. टाकून जास्त काही दिसत नाही, उलट डोळा लाल होतो म्हणतात. मोठा मुलगा नववीत, त्याला चष्मा आहे. उन्हाळा लागला की डोळे चोळून चोळून लाल करतो. मेडिकलमधले थेंब टाकले की तासाभरात शांत होतो, तीन उन्हाळे तेच चाललंय. धाकटी पाच वर्षांची, तिचं काही नाही. मला सुईत दोरा ओवता येईना झालाय आणि भीती वाटते, सासूबाईंसारखं माझंही होईल का? चष्म्याच्या दुकानात फुकट तपासतात, तेवढं पुरेल का? सगळ्यांना एकदम न्यायची ऐपत नाही. आधी कुणाला नेऊ?
एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई,

मी डॉक्टर नाही. जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. नंबर काढणं, दाब मोजणं, शिबिरात कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवणं, हे माझं काम. त्यामुळे कुणाला कधी आणि कुठे न्यायचं ते मी सांगू शकतो. औषध मात्र तुम्हाला डॉक्टरच सांगतील.

तुमचा क्रम मी असा लावीन. सासूबाई आणि तुमचे मालक या आठवड्यात, दोघे एकदमच. मुलगा त्यांच्या पाठोपाठ, पण त्याची ती मेडिकलची बाटली आजच कपाटातून बाहेर काढा. धाकटीला शाळा सुरू व्हायच्या आत. तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात तरी चालेल. घरातल्या बाईला शेवटी ठेवायची आपल्याकडे सवयच आहे, मला ती आवडत नाही. पण इथे कारण वेगळं आहे. ज्या आजाराची तुम्हाला भीती वाटते, तो सासूकडून सुनेकडे येत नाही. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो. आई-वडील किंवा सख्खं भावंड यांच्यापैकी कुणाला असेल, तर आपल्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटीनं वाढते. म्हणजे धोका तुमच्या मालकांना आहे, आणि त्यांना वर शुगरही आहे. तुमच्या पत्रात सर्वांत बिनधास्त माणूस तोच आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

त्या एसटीच्या पाटीचं आधी बोलू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पाटी वाचता येते म्हणजे पडद्याचा मधला भाग चांगला आहे आणि समोरची काच, म्हणजे भिंग, स्वच्छ आहे. एवढंच. शुगरनं बिघडतात त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या. त्या कमजोर होतात, फुगतात, पाझरतात. पुढे पडद्याला रक्त कमी पडायला लागलं की शरीर नव्या वाहिन्या उगवतं, आणि त्या इतक्या नाजूक असतात की कधीही फुटतात. हे सगळं पडद्याच्या कडेकडेनं चाललेलं असताना माणसाला ६/६, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं नीट, दिसू शकतं. दुखत नाही, खुपत नाही, पाणी येत नाही. मग एक दिवस डोळ्यात रक्त उतरतं आणि समोर काळी जाळी येते. असे रुग्ण मी पाहिलेत. ‘काल तर दिसत होतं’ हेच वाक्य प्रत्येकाच्या तोंडी.

म्हणून मोठ्या वयात सुरू होणाऱ्या मधुमेहात, ज्या दिवशी मधुमेह आहे असं कळतं, त्याच वेळी डोळ्याचा पडदा बघायचा आणि त्यानंतर दरवर्षी एकदा, असा डॉक्टरांचा नियम आहे. साखर कधी चढायला लागली ते आपल्याला ठाऊक नसतं. गोळी सुरू होण्याआधी काही वर्षं ती मुकाट्यानं वाढलेली असू शकते. तुमच्या मालकांची आठ वर्षं तशीच गेलीत. पडद्यावर काहीच निघालं नाही तर उत्तम, वर्षानं परत जायचं. थोडं निघालं तर डॉक्टर तीन किंवा सहा महिन्यांनी बोलावतील आणि साखर, बीपी आणि लघवीतल्या प्रोटीनच्या मागे लागतील, कारण डोळ्याच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्या बरोबरीनंच बिघडतात. जास्त निघालं तर लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. नुसतं नाव ऐकून माणसं घाबरतात. पण डोळा थेंबांनी बधिर करतात, सुई अगदी बारीक असते, आणि दिलेलं कळायच्या आत संपतं. हे उपचार आहे ती नजर राखायला फार चांगले आहेत. गेलेली आणायला तितके नाहीत.

लायसन्सच्या वेळची तपासणी म्हणजे अक्षरं वाचणं. चष्म्याच्या दुकानातलीही बहुधा तेवढीच. दुकानाला मी नावं ठेवत नाही. चांगला शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर नंबर नेमका काढतो, आणि शंका आली तर ‘डॉक्टरांना दाखवा’ असं स्वतःहून सांगतो. तसे लोक सोलापुरात आहेत. पण यंत्रात फुग्याचं चित्र बघायचं, मग डोळ्यावर ती जड फ्रेम चढवून ‘हे स्वच्छ की हे?’ याची उत्तरं द्यायची, यातून कोणत्या काचेनं नीट दिसतं एवढंच ठरतं. डोळ्याचा दाब, मेंदूकडे जाणारी मागची नस, पडदा यांना तिथे कुणी हात लावलेला नसतो. तेव्हा ते पुरेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर : चष्म्यासाठी पुरेल, डोळ्यांसाठी नाही.

पूर्ण तपासणीत काय होतं ते माहीत असू द्या, म्हणजे झाली की नाही ते तुम्हालाच कळेल. अक्षरं वाचून होतात. मग हनुवटी टेकवून बसायच्या यंत्रातून डोळ्याचा पुढचा भाग बघतात. मग दाब. काही ठिकाणी डोळ्यावर हवेचा फुसका मारून मोजतात, काही ठिकाणी बधिर करायचा थेंब टाकून, निळा उजेड लावून, डोळ्याला हलकेच टेकवून. हा डोळ्याचा दाब, त्याचा बीपीशी गोंधळ करू नका. साधारण १० ते २१ हा आकडा ठीक धरतात. पण दाब बरा आला म्हणून काचबिंदू नाही असं होत नाही. काहींची नस कमी दाबावरही झिजते. म्हणून नस प्रत्यक्ष बघावी लागते आणि त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. दोन-तीनदा टाकून अर्धा-पाऊण तास बसवतात, मग मागचा पडदा आणि नस बघतात. ही शेवटची पायरीच लोक टाळतात, कारण नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत.

आपल्या सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. काळा चष्मा बरोबर न्या, आणि त्या दिवशी तुमच्या मालकांना त्यांच्या रिक्षाच्या हँडलला हात लावू देऊ नका. परत येताना दुसऱ्याच्या रिक्षात मागे बसायचं. धंद्याचा दिवस बुडतो ही अडचण खरी आहे, मी ती हलक्यात घेत नाही. खासगी दवाखान्यात संध्याकाळची वेळ मिळाली तर दिवसाचं भाडं वाचतं. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, पैसे फारसे लागत नाहीत पण ओपीडी सकाळची असते आणि रांगेत वेळ जातो. ते वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय आहे, तिथे डोळ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तुमची ऐपत बघता मी पहिली फेरी तिथेच करीन. पुढे शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शनं लागली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी पिशवीत टाका, नाहीतर त्यासाठी आणखी एक चक्कर होते.

आता सासूबाई. माझा जीव त्यांच्या उजव्या डोळ्यात अडकलाय.

तुम्ही मोतीबिंदू समजून थांबलात, त्याचं मनाला लावून घेऊ नका. देशात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत पोचली. शिबिरं झाली, गाड्या भरभरून म्हातारी माणसं नेली, लोक बघते होऊन घरी आले. त्याचं मोल मोठं आहे, पण त्याचा एक परिणाम असाही झाला की म्हातारपणी दिसेनासं झालं म्हणजे मोतीबिंदूच, अशी गाठ लोकांच्या डोक्यात बसली. शिबिरातसुद्धा आम्ही बॅटरी मारून आधी मोतीबिंदूच शोधायचो, कारण त्यासाठीच शिबिर असायचं. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवलं की माणूस परत बघतो. वाट बघितली तरी बहुतेकांचं फार बिघडत नाही. फक्त तो ‘पिकू द्यायचा’ ही जुनी गोष्ट झाली, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधी डोळा दुखायलाही लागतो. काचबिंदूत मात्र थांबणं म्हणजे गमावणं. डोळ्याच्या आत एक पाणी सारखं तयार होतं आणि बारीक जाळीतून निचरत असतं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. झिजलेला भाग परत येत नाही, कुठल्याही औषधानं, कुठल्याही शस्त्रक्रियेनं.

आणि ते कळत का नाही? सोलापुरी चादरीची किनार उसवत जावी आणि मधली नक्षी जशीच्या तशी राहावी, तशी नजर कडेनं जाते. समोरचं माणूस दिसतं, देव्हारा दिसतो, पंचांग वाचता येतं. पण दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूला ठेवलेला तांब्या लाथेनं उडतो, रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. घरातले म्हणतात, वय झालं, लक्ष नसतं. शिवाय एक डोळा बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो. भारतात घरोघर जाऊन झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्या बहुतेक लोकांना तोवर पत्ताच नव्हता की आपल्याला असं काही आहे. तुमचं घर काही जगावेगळं नाही.

थेंब टाकून जास्त दिसत नाही, हे सासूबाई खरंच सांगतात. दिसणार नाहीच. ते थेंब नजर वाढवायला नाहीत, दाब खाली ठेवून उरलेली नस जपायला आहेत. हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ओपीडीच्या गर्दीत चिठ्ठी हातात येते आणि पुढचा नंबर पुकारतात. तुम्ही सांगा, स्पष्ट सांगा : हे बंद ठेवले तर हा डोळाही त्याच वाटेनं जाईल. मऊ शब्द वापरू नका. दिवाळीपासून बंद, म्हणजे बरेच महिने झाले.

पण दिवाळीतली ती उघडलेली बाटली परत टाकायला घेऊ नका. उघडल्यानंतर साधारण महिनाभरात ती टाकून द्यायची असते. जुनी चिठ्ठी आणि ती बाटली दोन्ही घेऊन लवकरात लवकर त्याच डॉक्टरांकडे जा, किंवा सिव्हिलला. डोळा लाल होतो हे तिथे आवर्जून सांगा. काही थेंबांनी तसं होतंच आणि त्याला पर्याय असतात. दुसऱ्या जातीचे थेंब आहेत, टिकवण्याचं रसायन न घातलेले (प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री) थेंब आहेत, काहींना लेसर चालतं, काहींना शस्त्रक्रिया लागते. सासूबाईंना दमा असेल किंवा नाडी हळू चालत असेल तर तेही सांगा. काचबिंदूच्या काही थेंबांनी दमेकऱ्यांचा श्वास अडतो. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध, असं वाटून लोक सांगत नाहीत.

टाकायची पद्धतही बघून घ्या. विड्या वळून वळून बोटं आखडलेली असतील तर त्यांना एकटीला बाटली दाबणं जमत नसणार, अर्धं औषध गालावरून जात असेल. रात्री तुम्ही नाहीतर मुलानं टाकावं. मान मागे, खालची पापणी हलकेच ओढायची, एक थेंब, मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं धरायचं. एकच थेंब पुरतो, जास्त टाकून फायदा नाही, बाटली लवकर संपते तेवढंच. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात बाटली खिडकीत ठेवू नका. काही थेंब थंड जागीच ठेवावे लागतात, तुमचे त्यातले आहेत का ते औषध घेतानाच विचारा.

आता मुलाच्या बाटलीकडे येतो. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण मला पत्रातलं ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. उन्हाळ्यात खाज सुटणारी ही अ‍ॅलर्जी आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत फार, आणि त्यातही मुलग्यांमध्ये जास्त. मेडिकलमधल्या ज्या थेंबांनी तासाभरात आराम पडतो, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, डॉक्टरही देतात, पण मोजून देतात आणि मधूनमधून दाब तपासतात. स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने टाकलं तर काहींच्या डोळ्यांचा दाब चढतो आणि नस झिजते, वेदना न होता. मोतीबिंदूही कोवळ्या वयात येऊ शकतो. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांच्यात दाब चढण्याची भीती अधिक, आणि तुमचा मुलगा त्या आजीचा नातू आहे. बाटलीवरचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे टाकायचं नाही. खोक्यासकट बाटली घेऊन जा, तीन उन्हाळे टाकलं हे लपवू नका आणि ‘याचा दाब बघा’ असं स्वतः म्हणा. सध्या रोज टाकत असाल तर तो मालकांच्या आधीसुद्धा जायला हरकत नाही.

खाज आली की गार पाण्याचे हबके मारायचे, स्वच्छ रुमालाची गार घडी ठेवायची. बाहेर जाताना गॉगल, टोपी. चोळणं मात्र बंद व्हायला हवं. सारखं चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे येतं आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. दर सहा महिन्यांनी नंबर बदलतोय, तिरकस (सिलिंडरचा) नंबर वाढतोय असं असेल तर ते मुद्दाम सांगा. बाकी त्याच्या चष्म्यासाठी दरवर्षी नंबर बघायचा. संध्याकाळी मैदानावर हाकला. रोज तास-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, कमी आढळते, हे अभ्यासांतून दिसलंय. मोबाइल काढून घ्या असं सांगणं सोपं आहे, ते मी सांगत बसत नाही.

धाकटीचं ‘काही नाही’ हे कशावरून म्हणता? तिच्या एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर ती दुसऱ्या डोळ्यानं सगळं करील, चित्रं रंगवील, सुई उचलून देईल, आणि कुणाला कळणार नाही. तो न वापरलेला डोळा आळशी पडतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि पट्टी लावून तो बहुतेक वेळा कामाला लागतो, मोठेपणी नुसता चष्मा देऊन नाही. घरी खेळता खेळता एकेक डोळा झाकून बघा. एक झाकला तर चालतं आणि दुसरा झाकला की चिडते, हात ढकलते, असं झालं तर लगेच दाखवा. झालं नाही तरी पहिलीत जायच्या आधी एकदा तपासून घ्या.

काही गोष्टींना मात्र क्रम नसतो, त्याच दिवशी पळायचं. डोळ्यात अचानक विजेसारखे चमकारे, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेनं पडदा ओढल्यासारखं होणं. डोळा लाल, भयंकर दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत आणि उलट्या होतायत. अशा माणसाला पित्त समजून लिंबूपाणी देत बसतात आणि रात्रीतून डोळा जातो. अचानक दिसेनासं होणं. खिडकीचे गज वाकडे दिसायला लागणं. आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोरं दाबतात, ती फुटून डोळ्यात उडते. तसं झालं तर दवाखान्याकडे धावण्याआधी, तिथल्या तिथे, स्वच्छ पाण्यानं डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, कण राहिले असतील ते पाण्यानंच जाऊ द्यायचे, आणि मग निघायचं. तूप, दूध, मध काही घालायचं नाही.

आता तुम्ही. ४१व्या वर्षी दोरा ओवता न येणं ही चाळिशी आहे, आजार नाही. भिंगाची लवचिकता कमी होते, सगळ्यांची होते. रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा घेतलात तर काम चालेल, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आणि खरे डोळे क्वचितच इतके सारखे असतात. दिवसभर शिवणाऱ्या बाईचं त्यानं डोकं दुखतं. नंबर काढायला जाताना मशीनवर बसून डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर टेपनं मोजून न्या आणि तपासणाऱ्याला सांगा, ‘मला एवढ्या अंतरावर बघायचंय’. पेपर वाचायच्या अंतराचा चष्मा केला तर मशीनवर वाकून बसावं लागतं, मग मान आणि पाठ. पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चाळिशीला एकदा तुमचीही बाहुली मोठी करून पूर्ण तपासणी होऊ द्या. काही निघालं नाही तर पुढे दोन वर्षांनी गेलात तरी पुरे, साठीनंतर मात्र दरवर्षी.

तुमच्या मालकांचा चष्मा करायचा निघाला, तर साखर वर-खाली होत असताना करू नका. साखर चढली की भिंग फुगतं आणि नंबर बदलतो, साखर ताळ्यावर आली की नंबर परत फिरतो. काही आठवडे साखर स्थिर झाल्यावर काढलेला नंबर टिकतो, नाहीतर पैसे पाण्यात.

ते तयार कसे व्हायचे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तोच खरा प्रश्न असणार. सासूबाईंना न्यायला कुणीतरी लागतंच, तुम्ही मालकांनाच बरोबर घेऊन जा. काचबिंदूचा रुग्ण समोर बसला की ‘मुलांचे डोळे तपासलेत का?’ असं बरेच डॉक्टर विचारतात. नाही विचारलं तर तुम्हीच म्हणा, हे त्यांचे चिरंजीव, आठ वर्षं शुगर आहे. तिथून उठून जाणं माणसाला अवघड जातं. पडदा, दाब आणि नस तिन्ही बघायला सांगा, आणि आलेला दाबाचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. कागद एकाही फेरीचे टाकू नका. काचबिंदू बऱ्याचदा एका भेटीत ठरत नाही, मागच्या वर्षीच्या नसेशी आणि नजरेच्या आलेखाशी, म्हणजे कडेचं किती दिसतं त्या नोंदीशी, ताडून ठरतो. पहिल्या वर्षी सगळं ठीक निघालं तरी तो कागद पुढे कामाला येतो.

मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी दाब फुकट तपासतात. पुढच्या वर्षीची फेरी तेव्हा साधा, यंदाची तोवर लांबवू नका.

आणि तुमच्या मालकांना सख्खी भावंडं असतील, तर त्यांनाही फोन करून सासूबाईंच्या आजाराचं नाव नीट सांगा. नणंद असो की दीर, वयाची चाळिशी झाली असेल तर दाब आणि नस त्यांनीही बघून घ्यायची आहे, चष्मा असो वा नसो.